फक्कीची रेघ

जकात नाका पाडला तेव्हा गंगावेशीच्या मागं
एक तिकोनी जागा उरली,
दात पडल्यावर उरते तशी.
सगळ्यांची जीभ तिथंच जायची.

मी महापालिकेत आरेखक. टेपचं एक टोक धरायचं
आणि साहेबांच्या मनातली रेघ कागदावर सरळ करायची.
नकाशात कारंजं होतं. चौथऱ्यावर
स्टीलचा पैलवान, दंड थोपटलेला, पुण्याहून येणारा.
चार बाक. शिक्क्यानं उमटवलेली झाडं,
सगळी एकाच वयाची.

वरून पत्र आलं: नागरिकांचा सहभाग घ्यावा.
तो कुठल्या रजिस्टरला चढवायचा, ते पत्रात नव्हतं.
साहेब म्हणाले, "सतरा सह्या आण, बास."

रविवारी नकाशा भिंतीला लावला.
लोक आले, नकाशाकडं पाठ करून
जागेकडं बघत उभे राहिले.
शालन कांबळे चपलेची वेणी घालतच आली होती.
हात न थांबवता म्हणाली,
"कागदावर काय कळंना बघा. भुईवर काढा."
तालमीतनं कुणीतरी फक्कीचं घमेलं आणलं,
कबड्डीच्या आखणीतनं उरलेलं.

मग माणसं वाकली.
बत्तीस वर्षांत मी असं बघितलं नव्हतं.

म्हादू गवळ्यानं आधी म्हशींची जागा आखली.
"तिन्हीसांजेला चार म्हशी हुब्या ऱ्हात्यात हितं.
धार पेल्यात पडती, माणूस तिथंच पितोय.
कारंजं म्हंजे दुसरं काय असतंय ओ?"
कुणी हसलं नाही.

बाबालाल मोमीन फ्लेक्स यायच्या आधी बोर्ड रंगवायचे.
त्यांनी मावळतीची भिंत मागितली, कोरी.
"चुना मारून ठेवू. पोरं काय काढत्यात ते बघू.
मी फकस्त वेलांट्या नीट करीन."

ओसवालांना गाड्या लावायला जागा पाहिजे होती.
मंडळाची पोरं तापली, "मांडव मग डोस्क्यावर घालायचा?"
अर्धा तास तेच. रेघेवर रेघ,
एकाची दुसऱ्यानं बुटानं पुसलेली.
मी टेप गुंडाळत बसलो.

वस्ताद रंगराव मेढे, कान मोडलेले, शेवटपर्यंत गप्प.
मग नकाशातल्या पैलवानावर बोट ठेवून म्हणाले,
"ह्याला आणू नगा. पुतळा आला की कुंपण येतंय,
कुंपण आलं की कुलूप.
त्यापरास दोन गाड्या तांबडी माती टाका.
पोरांस्नी पडाय तरी शिकता यील."

द्वारकाबाई सुतारीण विटेवर बसून होती.
फक्की मुठीत घेतली तिनं, पण रेघ काढली नाही.
लिंबाकडच्या कोपऱ्यात नुसती सांडली.
"ह्यो ऱ्हाऊ दे."
काय करायचं इथं, मावशी?
"काय न्हाई. ऱ्हाऊ दे."

तेवढ्यात एक म्हैस सगळ्यातनं चालत गेली,
कुणाचीच बाजू न घेता.

सह्या घ्यायच्या राहिल्याच.
रात्री घरी नव्यानं काढायला बसलो.
रेघा वाकड्या होत्या, वाकड्याच ठेवल्या.
पट्टी हातात होती आणि लागली नाही,
याचं मलाच कसंतरी झालं.
साहेबांनी कोपऱ्यावर पेन ठेवलं, "हे राहिलं काय?"
म्हटलं, नाही. ते तसंच आहे.
साहेब माझ्याकडं बघत राहिले, मग पान उलटलं.

फाइल अजून वरच आहे. उतरेल न उतरेल.
फक्की तर आठ दिवसांत उडाली.

परवा तिकडनं चाललो होतो.
ओसवालांचा धाकटा स्कूटर लावायला
लिंबाच्या कोपऱ्याशी आला,
थबकला,
हँडल वळवून पलीकडं लावली.
मी थांबलो. पिशवीतली टेप काढली,
लिंबापासनं त्याच्या चाकापर्यंत धरली.
साडेअकरा फूट.
बरोबर होतं.